पाय मोडलेलं अक्षर

गुदैबियातल्या खोलीत आम्ही सहाजण.
इम्तियाज परकार रात्रपाळीहून आला
की मी झोपेतच पाय पोटाशी घेतो.
त्याची पिशवी, त्याचे बूट, त्याचं खोकणं
मावेल एवढी जागा होते.
तीन वर्षं हे करत होतो,
याला काही नाव असेल असं वाटलं नव्हतं.

नाव सांगितलं हेस्केलचाचांनी,
मनामाच्या जुन्या बाजारात,
कापडाच्या बंद पडलेल्या दुकानात,
दुकानदारी हिंदीत.
आधी सगळीकडे तोच होता, म्हणाले,
अंत नसलेला.
जगाला पाऊल टेकवायला जागा नव्हती.
मग तो आकसला.
वीतभर मोकळं झालं, त्यात हे सगळं.
मी म्हटलं, म्हणजे आमची खोली.
ते पुष्कळ हसले.
मग एकदम हसायचे थांबले
आणि दिव्याची वात वर केली.

आम्ही पेझारीचे. शनवार तेली.
शनिवारी घाणा बंद, बैल मोकळा,
एवढंच आमचं तत्त्वज्ञान.
मलिद्याचं ताट, एलियाहू हन्नाबीचं नाव,
आणि शेमा, अर्थ न कळता पाठ.
इथलं तेल शनिवारी थांबत नाही.

आई गेली सोमवारी.
आमच्यात थांबत नाहीत,
दिवस मावळायच्या आत मूठमाती.
माझा पासपोर्ट कंपनीच्या कपाटात,
कपाटाची किल्ली सुट्टीवर.
त्यानंतर मी चाचांकडे जायला लागलो,
अर्थ मागायला,
वाण्याकडे उधारी मागावी तसा.

त्यांनी अक्षरं दिली. प्रत्येकाला आकडा.
मी आईचं नाव मांडलं, सिपोरा:
तीनशे पंचाहत्तर.
मग तो आकडा बसवर शोधला,
पगाराच्या चिठ्ठीवर शोधला.
समुद्राचं पाणी गोड करणाऱ्या कारखान्यात
मी दर दोन तासांनी क्षार मोजतो.
एका पहाटे मीटरवर आला,
तीनशे पंचाहत्तर.
हातातली काचेची नळी सुटली, फुटली.
गुडघ्यावर बसून तुकडे वेचताना
चाचांना फोन लावला.
त्यांनी ऐकून घेतलं. विचारलं,
पुढचा नमुना?
तीनशे ब्याऐंशी.
तोही नीट लिही, म्हणाले. आणि ठेवला.

रागानं दोन आठवडे गेलो नाही.
तिसऱ्या आठवड्यात गेलो तर
ते एकाच अक्षरावर बसलेले: अलेफ.
याला आवाज नाही, म्हणाले,
बोलायच्या आधी तोंड उघडतं ना, तेवढंच हे.
मी त्यांच्या कापडाच्या वहीत
मराठी क काढून दाखवला.
यात अ असतो, चाचा, दिसत नाही.
काढून घेतला की क चा पाय मोडतो,
मग तो दुसऱ्या अक्षराला टेकून उभा राहतो.
चाचांनी चष्मा पुसला,
मोडक्या पायावरून बोट फिरवलं
आणि विचारलं,
हे तुला कोणी शिकवलं?

मी आईचं नाव घ्यायला तोंड उघडलं.

रात्री इम्तियाज आला.
मी जागाच होतो.
पाय जवळ घेतले.