लॉगबुक

गाडी संस्थेची, म्हणून लॉगबुक.
तारीख, निघतानाचं रीडिंग, परततानाचं रीडिंग,
कामाचा तपशील.
या शेवटच्या रकान्यात
नऊ वर्षं मी 'साइट पाहणी' लिहितोय.

साइट म्हणजे पिरंगुटच्या अलीकडची एक सोसायटी,
बी विंग, गॅलरीत कढीपत्त्याची कुंडी.
साहेब वर जातात. मी सीट मागे पाडतो,
नाहीतर वॉचमन ढमढेरेबरोबर तंबाखू मळतो.
तो विचारत नाही, मी सांगत नाही,
चुना दोघांच्या तळहातावर सारखाच.

तसा माणूस चांगला.
माझ्या पोरीची फी एका सहीत माफ केली.
स्नेहसंमेलनात 'संस्कार' म्हणताना
त्यांचा आवाज किंचित कापतो.
खोटा नाही कापत. परतताना आरशात पाहिलंय मी,
डोळे पुसत असतात.
पिरंगुटहून येताना चांदणी चौकात
वहिनींसाठी सोनचाफा घेतात.
पैसे मी देतो. 'किरकोळ' खाली.

रविवारी क्लबात चौघे बसतात:
वकील, बिल्डर, एक माजी कुलगुरू, आणि आमचे.
बाहेर पार्किंगमध्ये आम्ही चौघे.
पत्ते सांगत नाही एकमेकांना,
नुसते किलोमीटर सांगतो.
'तुमचं?'
'अडतीस.'
'आमचं लोणावळा. एकशे तीस.'
जेवढा माणूस मोठा तेवढा पल्ला लांब,
असं म्हणून कुलगुरूंचा बबन हसतो,
आणि मग कुणीच हसत नाही.

घरी उशीर झाला की बायको तोंडाकडे बघते.
साहेबांचं काम होतं, म्हणतो.
खरं तेच सांगतो,
तरी जेवताना घास फिरतो.

दर महिन्याच्या तीन तारखेला
वही प्रभात रोडला जाते.
वहिनी संस्थेच्या खजिनदार.
चष्मा लावून, पान न् पान,
हिरव्या शाईनं सही.
नऊ वर्षांत एक शब्द नाही.
मला वाटायचं, नुसत्या सह्या करतात,
आकडे कोण वाचतंय.

या तीन तारखेला
एका ओळीवर पेन थांबलं.
'रोहिदास, इथे अडतीस लिहिलंयस.'
'हो वहिनी.'
'मीटर न बघता?'
मी फरशीकडे पाहिलं.
'पुलाचं काम निघालंय. वळसा पडतो.
एक्केचाळीस हवेत.'

त्यांनीच खोडलं, वर एक्केचाळीस लिहिलं,
खोडल्याजागी छोटी सही, नियमाप्रमाणे.
'तीन किलोमीटरचं डिझेल
उगाच तुझ्या अंगावर यायचं,' म्हणाल्या,
आणि टोपण लावलं.
टीपॉयवर वाटीत कालचा सोनचाफा
कडेनं तपकिरी होत होता.

रात्री पुन्हा साइट पाहणी.
परत आलो तेव्हा साडेअकरा.
'वरचा दिवा बंद आहे ना रे?'
साहेबांनी मागून, हळू आवाजात विचारलं.
होता बंद.
मी मीटर बघत होतो.
बरोबर एक्केचाळीस.