शिळं पाणी

एकतीस वर्षं बाबांनी भांडुपला
शहराच्या पाण्यात क्लोरीन सोडला.
तीन पाळ्या, रबरी बूट, खुंटीला गॅस मास्क,
आणि घरी आल्यावर टॉवेलला येणारा तो वास,
जो मला लहानपणी बापाचाच वास वाटायचा.

आता कांजुरच्या दोन खोल्यांत
ते पाणी शिळं करत बसतात.

कुर्ल्याहून आणलेले सात मासे. नावं तलावांची.
तुळशी, विहार, तानसा, भातसा,
मोडकसागर म्हणजे तो जाडा, काळा,
आणि दोन वैतरणा, एक अप्पर, एक मिडल.
दोघींतला फरक फक्त बाबांनाच कळतो.

संध्याकाळी बादली भरायची, झाकण न घालता रात्रभर ठेवायची.
घाई असेल तर हायपोचा एक खडा.
"मी टाकलेलं आधी उडून जाऊ दे," म्हणतात,
"एवढ्या शहराला चाललं, ह्यांना नाही चालत.
आपण पाणी पितो. हे त्यात राहतात."
आई असती तर म्हणाली असती,
शिळं कशाला ठेवता, ओता मोरीत, ताजं भरा.

मी काय केलं ते सांगते.
बँकेचा माणूस घराची किंमत ठरवायला येणार होता.
फरशीला फिनेल मारलं, जरा जास्तच,
खिडक्या पुसल्या, आणि जाता जाता
टाकीच्या काचेवरही तो निळा स्प्रे,
फस् फस्, दोनदा.
झाकण अर्धं उघडं. हवेची मोटर चालू.
(मोटर हवा ओढते. खोलीतली. खोलीत असेल ती.
हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.)
काच इतकी लख्ख झाली
की बँकेचा माणूस म्हणाला, वा, मासे अगदी हवेत पोहतायत.

संध्याकाळी ते खरंच हवेसाठी वर आले होते.
तोंडं पाण्याच्या काठाला लावून, सातही.

बाबांना वास येत नाही. एकतीस वर्षांत नाक गेलं.
दारात चपला काढता काढता त्यांनी मला विचारलं,
"कसला वास आहे?"
मी म्हटलं, लिंबाचा.

खिडक्या सताड. पंखा पाचावर.
बाही कोपराच्या वर, नळी लावून
तिसरा हिस्सा पाणी काढलं, शिळं घातलं.
पुन्हा रात्री अकराला. पुन्हा पहाटे.
एक शब्द बोलले नाहीत. तेच वाईट.

सकाळी विहार पालथा.
"शहराचा पहिला तलाव," एवढंच म्हणाले
आणि जास्वंदीच्या कुंडीत त्याला पुरला.

तेव्हापासून एका बादलीवर लाल ऑइलपेंटनं,
व्हॉल्व्हवर आकडे काढायचे त्याच वळणात,
लिहिलंय: माशांची.
सुंदराताईंना वाचता येत नाही. त्यांच्यासाठी खाली मासा काढलाय.
त्या विचारतात, वांग्याची बादली कुठं ठेवली?

काच पुसायची साध्या पाण्यानं, वेगळ्या सुती फडक्यानं.
क्षारांचे पांढरे डाग हटलेच नाहीत तर थोडं व्हिनेगर,
बाहेरून, आणि फडक्यावर. टाकीवर नाही.
डासांची कॉइल, झुरळांचा फवारा, त्या खोलीत नाही म्हणजे नाही.
हात धुतलेस? साबण गेला? पुन्हा धू.
बाबा हे सांगतात
रात्रपाळीवाल्याला चार्ज द्यावा तसं,
एकेक, आणि मी मान हलवेपर्यंत पुढचं नाही.

मग दर रविवारी, पाणी टाकीत जायच्या आधी,
बादली उचलून माझ्यासमोर धरतात.
"वास घे."

मी वाकते.
प्लास्टिक. नळाचं थोडं लोखंड.
आणि तळाशी, असेल किंवा नसेल,
टॉवेलचा तो वास.

"आहे का?"
ते माझ्या तोंडाकडे बघत राहतात,
ज्यांनी आयुष्यभर
स्वतःच ठरवलं, किती.

"थोडा आहे," मी म्हणते.
"उद्या घालू."