किल्लीवाला

खोब्रागडे मॅडम म्हणाल्या,
इन्सुलिन म्हणजे किल्ली समजा, काका.
मी हसलो.
चाळीस वर्षं गांधीबागेच्या फुटपाथवर
कानस घेऊन बसलेल्या माणसाला
किल्ली समजवत होत्या बाई.

पेशीला म्हणे दार असतं.
रक्तातली साखर दाराशी येऊन थांबते,
स्वादुपिंड किल्ली पाठवतं,
साखर आत जाते, घरात चूल पेटते.
तुमची कुलपं जाम झालीत, म्हणाल्या.
हे मात्र पटलं.
गिऱ्हाईक नेहमी किल्लीलाच शिव्या घालतं
आणि दहातून आठदा गंज असतो कुलपात.

मग स्वादुपिंडानं काय केलं असेल, ते मीच सांगतो.
एक किल्ली लागेना म्हणून दोन घासल्या,
दोन लागेनात म्हणून दहा.
वर्षानुवर्षं रात्रपाळी केली
कुणाला पत्ता न लागू देता,
आणि एक दिवस कानस खाली ठेवली.

तोवर गल्लीत साखर तुंबलेली,
आत माणसं उपाशी, बाहेर पोत्यांची थप्पी.
मला नुसती तहान लागायची.
नागपूरचा उन्हाळा, म्हणायचो,
इथं कोणाला तहान लागत नाही?
रात्रीतून चारदा उठायचो
तर शेजारचे बोकडे म्हणाले, वय झालं बावा.

तुंबलेली साखर स्वस्थ बसत नाही,
बारीक नळ्या आधी धरते.
डोळ्याच्या पडद्यावर एक पाझरली
आणि किल्लीच्या खाचेवर काळी माशी बसली.
हाकलली, तर नजर वळेल तिकडे उडत गेली.
मूत्रपिंडाचं म्हणाल, तर रिपोर्टात एक आकडा आहे,
त्याखाली मॅडमनी निळ्या पेनानं दोन रेघा ओढल्यात.
मी विचारलं नाही.

पायाचं सांगतो.
मे महिना, सत्तेचाळीस डिग्री.
टेकडीच्या गणपतीला चप्पल काढून
भर दुपारी फरशीवरून चाललो.
बाकीचे उड्या मारत होते, आई गं करत.
मी सावकाश.
खोटं कशाला बोलू, अभिमान वाटला,
पाय कसा तयार झालाय, म्हटलं.
घरी आलो तर पुष्पलता ओरडली,
"काहून जी, लादीवर काय सांडवत आले?"
माझ्याच पावलांचे ओले ठसे,
दारापासून पाटापर्यंत.
फोड फुटले होते
आणि मला बातमीच नव्हती.

करंगळी मेडिकलमध्ये ठेवून आलो.

आता किल्ली बाटलीतून येते.
लाईन गेली की पुष्पलता ती मडक्यात ठेवते,
मडकं ओल्या वाळूत.
बेंबीपासून दोन बोटं सोडून टोचतो,
जागा रोज बदलून.
एकदा टोचलं आणि जेवायला उशीर केला, गिऱ्हाईक होतं,
तर हात कापायला लागले, सदरा घामानं भिजला.
त्या गिऱ्हाइकानंच पोरांसाठी घेतलेली संत्राबर्फी
माझ्या तोंडात कोंबली.
सात महिन्यांनी बर्फी,
आणि चव आठवत नाही.

कुलूप उघडलं की खट्ट होतं.
तेवढ्यासाठी तर हा धंदा.
इथं सुई काढतो, कान देतो,
कूलरची घरघर ऐकू येते फक्त.

रात्री ती माझा पाय मांडीवर घेते,
मोबाइलचा उजेड पाडून
बोटांच्या बेचक्यात डोकावते, एक डोळा मिटून,
मी कुलपात डोकावतो तशी.
"दुखते का?"
नाही, म्हणतो.
"तेच तं," म्हणते,
आणि पुन्हा पाहते.