मायना तोच

कूळसंघाची चिटणीस मी, म्हणजे अक्षर बरं म्हणून.
दिवाडीच्या बांधाला मानशीशेजारी खांड पडली
तेव्हा अर्ज लिहिला:
मांडवीचं खारं पाणी खाजनात शिरतं आहे,
सत्तर कुळांचं भात जळतं आहे,
तरी मेहेरबान मंत्रिमहोदयांनी…
खाली सह्या, अंगठे.

फेरीनं पलीकडे, बसनं पणजी.
कारकून म्हणाला, कालपर्यंत होते मंत्री.

तीन पावसाळ्यांत पाच वेळा उतरवला तोच मायना.
वरचं नाव तेवढं बदललं.
एकदा तर आवकेचा शिक्का वाळायच्या आत.

मानशीची दारं इनास सांभाळतो.
कुर्लीनं पाडलेलं बोटभर बीळ
तो टाचेनं चिखल दाबून बुजवायचा.
आता तिथून होडी जाते.
त्याचा पगार संघाकडे तुंबलाय,
भातच नाही, तर वाटा काढायचा कशातून?

मग निवडणूक.
ट्रकातून गोण्या आल्या, घरटी एक,
गोणीवर उमेदवार हसताना छापलेला.
आत सुरय तांदूळ. उकडे नव्हेत.
पेजेला अंग येत नाही त्यांच्या,
कणी तळाला, पाणी वर.
चुलीनं विचारलं नाही कुणाचे.
मीही घेतली गोणी. लिहून ठेवते.

हसणारा एकशेबारा मतांनी आला
आणि पंधरवड्यात परराज्यातल्या हॉटेलात जाऊन बसला.
सरकार पडलं.
त्याचा माणूस तिठ्यावर भेटला, म्हणाला,
गोण्यांचे पैसे झाडाला लागत नाहीत, बाई.

रिकाम्या गोण्या इनासनं दारोदार मागून नेल्या,
चिखल भरून खांडीत रचल्या.
भरतीला तोंड बुडतं,
ओहोटीला वर येतं, दातांवर शेवाळ.
त्याच्यावर आता दुसऱ्याचं तोंड आहे.
पाणी दोघांमधून येतं.

कोरगुटाचं बी राखलं होतं, दोन पायल्या,
खारं सोसणारं, बांध झाला की पेरायचं म्हणून.
हात लावायचा नाही असं ठरलेलं.
श्रावणात शेवंतीच्या घरात ताप शिरला,
आमच्या मडक्यात नुसतं आधण.
दार लावून कांडलं आम्ही दोघींनी,
मुसळाचा आवाज इनासच्या घरी जाऊ नये म्हणून.
सकाळी तो पेजेला आला.
जेवला. काही बोलला नाही.

या खेपेला अर्जात एक ओळ वाढली:
बांध घालावा, आणि बीही द्यावं.
वरचं नाव
पेन्सिलनं लिहिते आताशा.