नमुना

एकतीस वर्षं मी मिरजेत लोकांच्या डब्या उघडल्या.
काड्यापेटीतून आणलेलं, श्रीखंडाच्या डबीतून आणलेलं,
एकदा तर पेढ्याच्या खोक्यातून, वर दोरा बांधून.
काचपट्टीवर ठिपका, सलाइनचा थेंब,
आणि डोळा भिंगाला.
खिडकीतून कागद देताना एकच वाक्य:
डॉक्टरांना दाखवा.
त्यापुढं बोलायची परवानगी नव्हती.

आता परसात सात कोंबड्या आहेत.
रात्री दांडीखाली मी जुना पेपर अंथरतो
आणि चहाआधी तो वाचतो.
मालन म्हणते, तुम्ही रिटायर झालात
का नुसते पेशंट बदललेत?

तिला दाखवलं:
हे बघ, तपकिरी वेटोळं, टोकाला चुन्याचं बोट.
ही तब्येत.
ही काकवीसारखी, नाक दाबायला लावणारी,
आठदहा खेपांत एकदा येतेच, तिला भ्यायचं नाही.
खुडूक बसलेली भुरी दिवसाकाठी एकदाच उठते,
मुठीएवढा ऐवज टाकते, परत अंड्यांवर.
एप्रिलात नुसतं पाणी, कारण पितातही तेवढंच.
हिरवीगार दिसली तर मान बघायची.
मान मुरडली असेल तर गल्लीत सांगून यायचं,
लपवायचं नाही.
ती म्हणाली, हात धुवा आधी.

श्रावण सरता सरता पेपरावर तांबडं दिसलं.
मी हसलो. आदल्या दिवशी बिटाची सालं टाकली होती.
खरंच बीट होतं. संध्याकाळपर्यंत गेलं.
चार दिवसांनी पुन्हा तांबडं,
आणि मी पुन्हा म्हणालो, बीट.
सालं टाकलीच नव्हती.
उभ्या नोकरीत एकही काचपट्टी अंदाजानं वाचली नाही
त्या माणसानं
पेपराची घडी घातली आणि बादलीत टाकली.

तिसऱ्या सकाळी काळी तलंग
पिसं फुलवून कोपऱ्यात,
मक्याच्या भरड्याकडं पाठ करून.
खाली बघायची गरजच नव्हती. तरी बघितलं.

डबी शोधली. श्रीखंडाचीच निघाली.

जुन्या लॅबमध्ये आता तेजल बसते.
तिनं पेशंटचं नाव विचारलं, वय विचारलं.
साडेतीन महिने, म्हटलं. नाव लिही तलंग.
तिनं पेन खाली ठेवलं, मग परत उचललं.
मिठाच्या दाट पाण्यात ढवळून वीस मिनिटं थांबलो,
वर तरंगलं ते काचेवर घेतलं.
भिंगाखाली अंडीच अंडी,
कोंबडीनं न घातलेली.
कागद पुढं करताना पोर सवयीनं बोलून गेली,
डॉक्टरांना दाखवा, काका.

दाखवलं.
जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी
ॲम्प्रोलियमची पुडी दिली:
रोज नवं मिसळायचं, पाच दिवस दुसरं पाणी नाही.
आणि ओल काढा, म्हणाल्या,
औषध अर्धं काम करतं, अर्धं कोरडी जमीन करते.
खुराड्यातला चिकचिकाट खरवडून काढला.
सतारीच्या कारखान्यातून लतीफनं
तुणीच्या लाकडाचा भुसा पोत्यानं दिला,
म्हणाला, सूर लागला नाही तर परत आणा.
पाण्याचं भांडं दोन विटांवर चढवलं,
पाठीच्या उंचीला, पाय पोचणार नाहीत असं.

तलंग त्याच रात्री गेली.

जेवताना मी मालनला सांगितलं,
दोन दिवस माझे चुकले.
एकतीस वर्षांत त्या खिडकीतून
असलं वाक्य बाहेर गेलं नव्हतं.
ती म्हणाली, मला कशाला सांगता,
आणि परसाकडं हनुवटी केली.
गेलो. सांगितलं.
त्या भुसा उकरत होत्या,
भुरीनं तेवढं एका डोळ्यानं बघितलं.

आठव्या सकाळी, सोन्याच्या भावावर,
तपकिरी वेटोळं, टोकाला चुना.
हाक मारली. मालन कप हातात घेऊनच आली,
वाकली, नीट बघितलं,
आणि माझ्याच आवाजात म्हणाली, नॉर्मल.
मग कप माझ्या हातात दिला.
आज बिटाची कोशिंबीर करू नका, म्हटलं.
केली आहे, म्हणाली.