पु…

तौनो कुपारिनेन, सेकंड लेफ्टनंट, वय तेवीस.
युद्धाआधी जमीनमोजणी खात्यात साखळी धरायचा.
पहिल्याच हजेरीला तो माझ्या नावावर अडला —
‘या… या… या…’
आणि मागच्या रांगेत कोणीतरी फिसकन हसलं.
तो मीच होतो,
आता सांगायला हरकत नाही.
त्याने वर पाहिलं. रागावला नाही.
नाव पुरं केलं, मगच पुढच्या नावाकडे वळला.

करेलियातल्या त्या तळ्याकाठी
पाव कुऱ्हाडीने फोडावा लागे.
रात्री तो खंदकातून रांगत यायचा,
एकेकाला बूट काढायला लावायचा,
आमच्या पायांची निळी बोटं
स्वतःच्या काखेत दाबून बसायचा.
बोलायचा नाही.
बोलणं त्याला परवडत नसे.

हल्ल्याचा हुकूम म्हणजे एकच शब्द: पुढे.
तो त्याच्या ओठांवर यायचा, ‘पु…’
आणि तिथेच गोठायचा.
उरलेलं अक्षर तो पायांनी म्हणायचा.
आम्ही मान वर करून बघावं
तर हा वीस पावलं गेलेला,
कमरेएवढ्या बर्फात,
एकटा.
मग काय करणार?
माणूस लाजेनेही धावतो.
शौर्य वगैरे नंतर वर्तमानपत्रांनी लिहिलं.

फेब्रुवारीतल्या एका पहाटे टेकडी गेली.
आठ जण वरच्या खंदकात अडकले,
त्यात ओत्तो, गुडघा फुटलेला.
टेलिफोनवर हुकूम आला: आहे तिथून मागे फिरा.
कुपारिनेन रिसीव्हरमध्ये
‘प… प… पण…’ करत राहिला,
पलीकडून मेजर कावून ओरडला, ‘समजलं ना?’
आणि लाइन तोडली.
त्याने रिसीव्हर हळूच ठेवला
आणि माझ्याकडे बघून डोळा मिचकावला.
आपल्या तोतरेपणाचा त्याने
आयुष्यात एवढाच फायदा घेतला असेल.

मग हातबॉम्बांची पिशवी गळ्यात अडकवून
तो निघाला. ‘पु’सुद्धा म्हणाला नाही.
त्याचे हात थरथरत होते,
मी शेजारीच होतो, पाहिलंय.
बॉम्बची दोरी दातांनी ओढत होता.

आठही जण खाली आले.
ओत्तो माझ्या पाठीवर, शिव्या देत.
मागे वळलो तर तो खंदकाच्या तोंडाशी बसलेला,
दोन्ही हातांनी पोट धरून,
आणि म्हणाला, कुठेही न अडता,
जमीन मोजून सांगावी तसं:
‘याल्मारी, डावीकडून जा. तिथे बर्फ जाड आहे.’

बर्फ जाड होता.

ते तळं आता सीमेपलीकडे.
त्याची जागा मला नकाशावर दाखवता येते,
पायांनी नाही.

माझा नातू सांतेरी, सहा वर्षांचा.
जेवताना बटाट्यावर मीठ हवं असतं,
‘मी… मी… मी…’
सून घाईने मिठाची वाटी सरकवते.
मी तिचं मनगट धरतो.
थांब जरा.
येऊ दे त्याचं त्याला.