चार बोटं

शेडचं दार ऑगस्टात अडायचं,
मेमध्ये आपसूक उघडायचं.
सात वर्षं मी दारालाच दोष दिला,
रंधा मारून मारून फळी पापडाएवढी केली.

लेथच्या पाटावर पाणसळ ठेवली
की बुडबुडा पावसाळ्यात पूर्वेला सरके,
वैशाखात परत.
शाफ्टला टेपर यायचा.
सांवेर रोडवरची गिऱ्हाइकं माल आणून टेबलावर ठेवायची,
बोलायची काहीच नाहीत.

गेंदालाल मिस्त्री आला मेच्या उन्हात,
भिंतीच्या चिरांकडे त्याने बघितलंही नाही.
बाहेर गेला, जमिनीच्या भेगेत
माझीच छत्री घातली.
मुठीपर्यंत गेली.
"या माटी है बाबूजी,
ईके दबाओगा तो या घर उठई लेगा."

दोन फुटांचा पाया होता माझा.

मग गिरमिट आलं.
दोघं जण घाण्याच्या बैलांसारखे गोल फिरले.
दहा फूट नुसतं काळं,
पात्याला काकवीसारखं लोंबणारं.
अकराव्या फुटाला आवाज बदलला,
करकर.
मुरूम.
पिवळट, कोरडा,
वर पाऊस आहे की ऊन
याची त्याला खबरच नाही.
तिथे भोकाला पोट काढलं, लोट्यासारखं,
गज सोडले, काँक्रीट ओतलं.
असे नऊ पाय.

त्यांच्यावर तुळई,
आणि तुळईखाली काही नाही.
चार बोटं मोकळी.
मी म्हटलं, बुजव की, सिमेंटचे पैसे मी देतो.
गेंदालाल थापी धूत राहिला.

त्याच रात्री विनिपेगहून पुतण्याचा फोन.
शार्दूलची शेड हिवाळ्यात एका कोपऱ्याने वर आली होती,
बर्फ वितळल्यावर बसली, पण वाकडी.
"काका, इथली जमीन गोठते, फुगते.
तुम्हाला इंदूरमध्ये नाही कळायचं."
कुठवर गोठते?
"सहा फूट म्हणतात."
तू किती खणलंस?
तो गप्प.
मग हसला, नाकातून, बापासारखा.

त्या बापाशी, याच शेडच्या जागेवरून,
मी नऊ वर्षं बोललेलो नाही.
कसा आहे, मी विचारलं नाही.
फोनही ठेवला नाही.
मुरूम म्हणजे काय ते सांगत बसलो,
पोट कसं काढायचं, गज किती जाड,
आणि खाली जागा सोड म्हटलं.
"किती?"
चार बोटं. तुझी नव्हे,
तुझ्या बाबाची. त्याची जाड आहेत.

आता ऑगस्ट.
सकाळी वाकून तुळईखाली हात घालतो,
दोनच बोटं जातात.
माती आलीय वर, ओली, फुगलेली,
आणि तिथेच थांबलीय.
एक बेडूक राहतो त्या फटीत,
त्याला अजून भाडं लावलेलं नाही.

दार ढकललं की उघडतं.
पहिल्या दिवशी मी सवयीने खांदा लावला
आणि लेथवर पडता पडता वाचलो.